डोहात उतरलेली पाणबंद पेटी

मी एक पेटी बोलतेय. पेटी म्हटल्यावर पुण्यातल्या माणसाला आधी बाजाची पेटी आठवते आणि मग मतदानाची. मी दोन्ही नव्हे. माझ्यातून सूर निघत नाहीत, आश्वासनंही निघत नाहीत. कॅमेऱ्याला पाण्यात न्यायचं असलं की त्याला माझ्या पोटात बसवतात. दुकानदार मला हाउसिंग म्हणतो. जाड पारदर्शक अंग, पुढे भिंगासमोर काच, पाठीवर बटणं, एका बाजूला बिजागरी आणि दुसरीकडे खटका. झाकणाच्या कडेने एक रबरी रिंग, कुकरला असते तशी. माझी सगळी अब्रू त्या रिंगवर.

माझा जन्म दूरदेशी, एका साच्यात झाला. आमच्या जातीला जन्मतःच एक शाप असतो. प्रत्येक पेटी एकाच जातीच्या कॅमेऱ्यासाठी जन्माला येते. दुसरा कॅमेरा केसभर रुंद असला तरी आत बसत नाही. एकनिष्ठेवर माणसं व्याख्यानं देतात, आमच्यावर ती साच्यातच लादलेली असते.

समुद्राकाठी एखाद्या हौशी माणसाच्या हाती पडेन अशी माझी कल्पना होती. पडले हडपसरच्या एका सोसायटीत.

त्या सोसायटीत मन्सूर इनामदार राहत. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, निवृत्तीला आलेले. त्यांच्या समोरच्या दारात दिगंबर बेहेरे. सरकारी कचेरीत कारकुनी करून मोकळे झालेले. दोघांची मैत्री जुनी. एकाला मासे आवडत आणि दुसऱ्याला मासे आवडणाऱ्या माणसाची चेष्टा करणं आवडे. एवढ्यावर मैत्री छान टिकते.

मुळशीच्या पलीकडे एका ओढ्यावर खोल डोह होता. काठावर छोटं देऊळ. डोहातले मासे देवाचे, म्हणून तिथे कुणी गळ टाकत नसे. तांबूस परांचा एक मासा मन्सूरसरांनी तिथे वरून पाहिला होता. पुस्तकांच्या मते तो मासा या भागातून केव्हाच नाहीसा झालेला. सरांनी ही गोष्ट कॉलेजात सांगितली तेव्हा सहकाऱ्यांनी चहा मागवला आणि विषय बदलला.

पुढे त्या जागेवर एक रिसॉर्ट यायचं ठरलं. डोह मुरूम टाकून सपाट करायचा आणि वर गाड्या लावायच्या. सरांनी वनखात्याकडे अर्ज केला. तिथल्या साहेबांनी सांगितलं, दसऱ्यानंतरच्या सोमवारी सुनावणी आहे, पुरावा आणा. मासा पकडून आणणं शक्यच नव्हतं. देवळाचा गुरव दत्तोबा काठावर उभा राहून म्हणाला, "जाळं न्हाई, गळ न्हाई. फोटू काढायचा तर काढा. फोटूनं देव बाटत न्हाई."

म्हणून माझी गरज पडली.

मला निवडलं बेहेऱ्यांनी. सरांना धातूची मोठी पेटी हवी होती, मोठ्या कॅमेऱ्याची. तिची किंमत ऐकून बेहेरे म्हणाले, "सर, एवढ्यात वाघोलीला एक खोली येईल. तिच्यात तुम्ही आणि मासा दोघंही राहा." तीन दरपत्रकांशिवाय हा माणूस कोथिंबीरही घेत नसे. त्यांनी मुंबईच्या दुकानांतून दर मागवले, ताडून पाहिले आणि छोटा कॅमेरा आणि त्याची पेटी, म्हणजे मी, निम्म्या भावात मिळवली. दुकानदाराने सांगितलं होतं, "हे मॉडेल आता बंद होतंय, म्हणून स्वस्त." वाक्याचा पहिला अर्धा भाग ऐकून शहाणा माणूस थबकतो. पुणेकराला दुसराच अर्धा ऐकू येतो.

सर मात्र मन लावून शिकले. पाण्यात लाल रंग सगळ्यात आधी मरतो, तांबूस पर पाण्याखाली राखाडी दिसतात, तेव्हा दिवा हवाच. दिवा समोरून लावला तर गाळाचे कण चांदण्यांसारखे चमकतात आणि मासा हरवतो, म्हणून तो दांडीवर, बाजूला. लांबून फोटो घ्यायचा नाही, जवळ जायचं. रिंगला मुगाएवढं ग्रीस, बोटाने फिरवून. पाण्यात न्यायच्या आधी मला रिकामीच बादलीत बुडवायचं, आत कागदी रुमाल ठेवून. रुमाल कोरडा, तर मी सोवळी.

आणि सगळ्यात मोठा नियम. "बेहेरे, या रिंगवर एक केस आला तरी सगळं गेलं," सर म्हणत.

"तुमच्या डोक्याकडे बघता ती भीती नाही," बेहेरे म्हणत.

सराव कुठे करायचा हा प्रश्नच होता. पोहण्याच्या तलावावर रखवालदाराने दोघांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "क्यामेरा? पाण्यात? आत्ताच बायकांची वेळ संपलीय, आजोबा. वय बघा जरा." दोघे घाईघाईने परतले. मग बेहेऱ्यांच्या बाल्कनीतल्या निळ्या पिंपात सराव सुरू झाला. मासा म्हणून मंदाकिनीबाईंनी, म्हणजे बेहेऱ्यांच्या पत्नीने, एक गाजर दिलं. सर त्या गाजराचे बाजूने, खालून, दिव्यात आणि दिव्याशिवाय फोटो काढत. मंदाकिनीबाई ते बघून म्हणत, "मन्सूरभाऊ, लग्नात माझा इतका चांगला फोटो कुणी काढला नव्हता."

सरांच्या घरी नातवंडांचा उच्छाद, म्हणून माझा मुक्काम बेहेऱ्यांच्या काचेच्या कपाटात. बाई मला रोज पुसत. मला त्या घरात कुणी कधी वाईट वागवलं नाही. तेच पुढे नडलं.

पावसाचा गढूळपणा बसून डोह निवळला तो दसऱ्याच्या सुमाराला. बेहेऱ्यांनी दसऱ्याचाच दिवस धरला. मुहूर्तावर उतरलेल्या माणसाला मासा नाही कसं म्हणेल?

सकाळी सरांनी मला बादलीत बुडवलं. रुमाल कोरडा निघाला. मग मला उघडून, रिंग पुसून, त्यांनी आत कॅमेरा बसवला. झाकण लावणार तेवढ्यात मंदाकिनीबाई ताम्हण घेऊन आल्या. घरातली शिलाई मशीन, विळी, बेहेऱ्यांची जुनी दुचाकी, सगळ्यांची पूजा झाली होती. आम्हीच राहिलो होतो.

"थांबा हो मन्सूरभाऊ, बंद नका करू. आतल्यालाही लागू दे."

त्यांनी मनापासून पूजा केली. कॅमेऱ्याला हळदकुंकू, मला हळदकुंकू, अक्षता, वर झेंडूचं फूल. हात जोडून म्हणाल्या, "दिसू दे रे बाबा यांना तो मासा. फार वर्षं वाट बघतायत." कुंकवात भिजलेल्या अक्षतांमधला एक तुकडा माझ्या खाचेत घसरला, रिंगच्या अगदी खाली. दुसरा रिंगवरच बसला.

सरांनी तो पाहिला. त्यांचा हात खिशातल्या रुमालाकडे गेला आणि थांबला. बाई समोरच उभ्या होत्या, हात अजून जोडलेले. त्यांच्यादेखत त्यांचं कुंकू पुसायचं कसं? त्यातून पुसणारा हात मन्सूर इनामदारांचा. बाईंना त्याचं काही वाटलं नसतं. पण वाटेल, अशी भीड सरांना पडली. त्यांनी फूल तेवढं अलगद उचलून डोळ्यांना लावलं आणि झाकण बंद केलं. खटका बसला.

वाटेत मला उघडता आलं असतं. पण गाडी बेहेरे चालवत होते. त्यांच्या शेजारी बसून त्यांच्या बायकोची पूजा पुसणं सरांना जमलं नाही. बेहेऱ्यांनीही तो तुकडा पाहिला होता. सर काही बोलत नाहीत म्हणजे चालत असेल, असं त्यांनी ठरवलं. दोन सभ्य माणसं एका गाडीत बसली की खरं बोलायला तिसऱ्या असभ्य माणसाची गरज असते. तो त्या दिवशी गाडीत नव्हता. मी मागच्या सीटवर होते, पण मला तोंड नाही.

डोहावर सर डोळ्यांना चष्मा आणि तोंडात नळी लावून उतरले. बेहेरे काठावर टॉवेल धरून. दत्तोबा देवळाच्या पायरीवर. पाणी हिरवं, गार. थोडं खाली गेल्यावर माझ्या कडेतून बारीक बुडबुडे निघू लागले. बाहेरचं पाणी आत येतं तेव्हा आतली हवा बाहेर जाते, एवढं विज्ञान मलाही कळतं. सरांचं लक्ष नव्हतं. कारण ते समोर आले होते.

मासे आले ते एका कपारीतून, शांतपणे. त्यांना गळ ठाऊक नव्हता, म्हणून भीती नव्हती. सरांनी दांडीवरचा दिवा लावला आणि राखाडी पर एकदम पेटले. तांबूस म्हणणाऱ्याने ते नीट पाहिलेच नव्हते. शेंदरी होते ते. त्यातला मोठा मासा माझ्या काचेला तोंड लावून आत डोकावला. याहून जवळ कुठलाच मासा कुठल्या कॅमेऱ्याच्या येणार नाही. सरांनी बटण दाबलं. कॅमेऱ्याची पाठ एकदा उजळली आणि काळी झाली. त्यांनी पुन्हा दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं. माझ्या पोटात पाणी डचमळत होतं आणि तो मासा ते सगळं बघत होता.

सर काठावर आले ते धापा टाकत. "आहेत, बेहेरे. आहेत!" मग मला उघडलं. पाणी भळकन सांडलं. रिंगवर भाताच्या शितासारखा फुगलेला तांदळाचा तुकडा, भोवती लालसर ओघळ. सरांनी तो अंगठ्याने पुसून टाकला. बेहेऱ्यांनी दुसरीकडे बघितलं आणि टॉवेल पुढे करत म्हणाले,

"रिंगच बोगस. स्वस्तात घेतली ना मी."

"हो. रिंगच," सर म्हणाले.

एवढ्यावर तो विषय मिटला. कॅमेऱ्याच्या कार्डावर एकही फोटो उतरला नव्हता. पुढे दोघांनी सुनावणीपर्यंतचे दिवस दुकानं पालथी घातली. खराडीच्या एका मॉलमधला पोरगा मला हातात फिरवून म्हणाला, "काका, हे मॉडेल डिसकंटिन्यू झालं. याचा कॅमेरा आता कुठेच नाही मिळणार. आणि बाकीचे यात फिट नाही होणार. तुम्ही मोबाइल घ्या ना, त्यात पण वॉटरप्रूफ येतात."

"येतात ना, मग दे," सर म्हणाले.

"म्हणजे पावसात चालतो, काका. बुडवायचा नाही."

सोमवारी सर मला पिशवीत घालून साहेबांसमोर गेले. साहेबांनी विचारलं, "फोटो?"

"फोटो नाही. पण मी पाहिलेत. अगदी हातभर अंतरावर."

"बिबट्या पाहिलेले लोक आमच्याकडे रोज येतात." साहेबांनी मला उचलून पाहिलं. "ही पाण्यातली पेटी ना? मग हिच्यात पाणी कसं शिरलं?"

खोलीत बेहेरे होते. सर त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "माझी चूक. झाकण नीट लागलं नाही."

साहेब हसले. दुष्टपणाने नव्हे, सवयीने. "म्हणजे ज्यांना झाकण लावता आलं नाही, त्यांनी मासा मात्र बरोबर ओळखला, असं आम्ही धरायचं?"

मुरुमाचे ट्रक संक्रांतीच्या आत आले. दत्तोबाने निरोप पाठवला होता. सर गेले नाहीत. त्या काळात ते पायऱ्या उतरताना कठडा धरू लागले. पाणी वर आलं, मग माशांच्या पोटांनी पांढरं झालं, मग राहिलंच नाही, असं दत्तोबा नंतर म्हणाला. देऊळ आहे. गाड्या लावणारे लोक तिथे नारळ फोडतात.

कॅमेरा भंगारात गेला. माझ्यात काहीच बिघाड नाही. माझी रिंग आजही उत्तम आहे, काच स्वच्छ आहे. मी निकामी आहे ती फक्त माझ्या मापाचं जगात काही उरलं नाही म्हणून. बेहेऱ्यांच्या बाल्कनीत मंदाकिनीबाईंनी माझ्यात कपड्यांचे चिमटे ठेवायचे ठरवलं. त्याआधी मला घासायला घेतलं. काडीने खाच साफ करताना तो दुसरा तुकडा निघाला. वाळलेला, कुंकवाने अजून लालसर.

त्याच संध्याकाळी सर आले होते. बाई ओल्या हातानेच बाहेर आल्या. तळहातावर तो तुकडा.

"मन्सूरभाऊ, कुकरच्या रिंगला शीत अडकलं तर शिट्टी होत नाही. सगळी वाफ कडेनं जाते." त्यांनी तळहात पुढे केला. "पाणी माझ्यामुळे शिरलं का हो? माझ्यामुळे तुमचे मासे…"

बेहेऱ्यांनी वर्तमानपत्र वर धरलं. ते उलटं होतं.

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. डोह असताना, डोह बुजल्यावर, कॉलेजात, साहेबांसमोर, ज्या एका गोष्टीवर हा माणूस हटून बसला होता, ती त्यांनी एका घोटात गिळली.

"छे हो वहिनी. मुळात तिथे तसले मासे नव्हतेच. मला भास झाला होता. म्हातारपण. पेटीत पाणी शिरलं नसतं तरी फोटोत काय येणार होतं? नुसता गाळ."

"खरं सांगताय?"

"तुमच्याशी खोटं बोलेन का?"

बाईंनी पदराने डोळे पुसले. "मग बरं झालं. जीव नुसता टांगणीला लागला होता." आणि त्या सरांना आणखी थोडा चहा घ्या म्हणू लागल्या.

तेव्हापासून सगळ्यांचं एकमत आहे. पुस्तकं म्हणतात मासे नाहीत, साहेब म्हणतात नाहीत, मंदाकिनीबाई म्हणतात नाहीत, आणि विचारलं तर मन्सूरसरही म्हणतात नाहीत. अलीकडे ते अशा ठामपणे म्हणतात की स्वतःही त्यावर विश्वास ठेवू लागले असावेत.

वाचकहो, तुमच्याकडे काही मागावं असं माझं वय नाही आणि तुम्ही द्यावं असं काही उरलेलंही नाही. नवा डोह तुम्ही खणू शकत नाही. फक्त कुठे विषय निघालाच, तर एवढं ऐकून ठेवा. ते होते. त्यांचे पर शेंदरी होते. मोठ्या माशाचं तोंड माझ्या काचेला लागलं होतं. मी प्लास्टिकची आहे, मला भास होत नाहीत.