एका बाबागाडीची न झालेली चोरी

मित्रांनो, मी एक जुनी, करडी बाबागाडी. माझी चोरी झाली होती की नाही, हे मलाच अजून धड सांगता येत नाही.

एका शिक्षिकेने तिच्या तान्ह्या मुलीसाठी मला विकत घेतलं. "काय तोरा आहे गाडीचा!" असं शेजारणी म्हणायच्या, तेव्हा माझी चाकं कशी हलकी व्हायची!

लसीकरणाच्या दवाखान्यात गाड्या आत न्यायला बंदी होती. आम्ही जिन्याखाली ओळीने उभ्या राहायचो. एका शुक्रवारी एक इस्त्रीवाली बाई बाहेर आली. सुई टोचल्यामुळे तिच्या बाळाने टाहो फोडला होता. तिची गाडीही करडीच. घाईघाईत तिने बाळाला माझ्यात ठेवलं आणि निघाली. मी ओरडणार कशी?

घरी पोचल्यावर ब्रेक लावायला तिने पाय उजवीकडे नेला. माझा ब्रेक डावीकडे.

"अगं बाई, ही आपली नाही!" ती उद्गारली.

तोवर दवाखाना बंद झाला होता; पुढचे दोन दिवसही सुट्टीच. सोमवारी सकाळी ती मला परत द्यायला निघाली, तर वाटेतच शिक्षिका समोर उभी.

"अहो, ही माझी गाडी!"

इस्त्रीवालीची बोबडी वळली. तोंडातून भलतंच निघून गेलं, "नाही हो ताई, माझीच आहे."

त्या एका वाक्याने घात केला. शिक्षिका 'चोर! चोर!' म्हणून ओरडली, पोलीस आले. माझ्या दांड्याला चिठ्ठी बांधली गेली : 'मुद्देमाल क्रमांक सात'. खटल्यात जप्त केलेल्या वस्तूला मुद्देमाल म्हणतात. दोन वर्षं मी एका खोलीत धूळ खात पडले. मला सगळं ठाऊक होतं, पण मुद्देमालाला कोण विचारतो? इस्त्रीवालीला शिक्षा झाली, तर तिच्या बाळाची आई तुरुंगात जाणार होती.

शेवटी मला कोर्टात आणलं. सरकारी वकील म्हणाले, "गाडी हिच्याकडे सापडली. वर ही खोटं बोलली. आणखी काय हवं?" मला ते पटलं.

मग इस्त्रीवालीच्या वकीलबाईंनी दवाखान्याच्या रखवालदाराला एकच विचारलं, "त्या संध्याकाळी जिन्याखाली काही उरलं होतं?"

"होती की एक करडी गाडी. न्यायला कुणी आलंच नाही."

मला तेही पटलं! स्वतःची गाडी मागे ठेवून कोण चोरी करतं?

न्यायाधीश म्हणाले, "गाडी नेली, हे खरं. पण नुसतं नेणं म्हणजे चोरी नव्हे, लबाडीचा हेतूही हवा. तो सरकारने सिद्ध करायचा असतो, आरोपीने नाकारून दाखवायचा नसतो. इथे शंका उरते. तिचा फायदा आरोपीला. निर्दोष मुक्तता."

"म्हणजे मी खोटी?" शिक्षिकेने विचारलं.

"नाही बाई. गाडी तुमचीच. घेऊन जा."

दोघीही खऱ्या? माझं डोकं चक्रावलं, मित्रांनो.

बाहेर व्हरांड्यात दोघींची मुलं एव्हाना पकडापकडी खेळत होती. माझ्यात आता दोघांपैकी कुणीच मावलं नसतं. शिक्षिका इस्त्रीवालीजवळ थांबली.

"खरं सांग, तेव्हा 'माझीच' का म्हणालीस?"

"भीती वाटली, ताई. तुम्ही चोर म्हणाल म्हणून."

शिक्षिकेने माझ्या दांड्याची चिठ्ठी सोडली. मग म्हणाली, "आणि मी म्हणालेच."

मित्रांनो, कुणाला चोर म्हणण्याआधी 'का?' एवढं तरी विचारा. शिक्षिकेला ते विचारायला दोन वर्षं लागली.