गोड बोलणाऱ्याला काय म्हणतात

भाषेच्या बाई तशा शांत स्वभावाच्या. पण त्या दिवशी वाचनालयाच्या खोलीत सोफा शिरताना दिसला आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

खोलीचं छत गळायला लागलं तेव्हा पुस्तकं खोक्यांत भरून जिन्याखाली ठेवली होती. "तात्पुरती हो," मुख्याध्यापक म्हणाले होते. छत दुरुस्त झालं, भिंतींना रंग लागला, दोन वर्षं उलटली, पुस्तकं जिन्याखालीच. बाई विचारायला गेल्या की मुख्याध्यापक खुर्चीतून उठून उभे राहायचे. "बाई, वाचनालय म्हणजे शाळेचं काळीज. आणि ते जपणारं माणूस म्हणजे तुम्ही. तुमच्यासारखी चार माणसं मला मिळाली असती ना..." बोलता बोलता त्यांचे डोळे पाणावायचे. बाई खूश होऊन बाहेर पडायच्या. जिना उतरताना लक्षात यायचं, की हाती काहीच लागलेलं नाही. आज पुन्हा कोपराला गूळ लावून आपल्याला वाटेला लावलं.

"हा सोफा इथे कशाला?" त्यांनी शिपायाला विचारलं.

"पाहुण्यांची खोली करायचीय, बाई. सरांनीच सांगितलंय."

बाई तशाच सातवीच्या वर्गात गेल्या. त्या दिवशी समानार्थी शब्द शिकवायचे होते. त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'गोड बोलून फसवणारा.' खडू इतका दाबून, की तो मोडला.

"याला काय काय म्हणतात, सांगा."

मुलांना असला प्रश्न कधी कुणी विचारला नव्हता. गोडबोल्या, लबाड, थापाड्या, कावेबाज, असे शब्द चहूकडून आले. मागच्या बाकावरून कुणीतरी "बोलबच्चन" म्हणालं आणि वर्ग हसला. बाईंनी तोही लिहिला.

"बोलघेवडा?" एकाने विचारलं.

"तो नुसता बडबड करतो रे. फसवत नाही बिचारा."

"माझी आजी काकांना मानभावी म्हणते," दुसरा म्हणाला. "पण काकांना सांगू नका हं, बाई."

खिडकीजवळच्या चष्मेवालीने हात वर केला. "बाई, बोलताना ज्याला स्वतःलाच ते खरं वाटतं आणि खोलीबाहेर पडल्यावर जो विसरून जातो, त्याला काय म्हणायचं?"

बाईंनी मोडक्या खडूचा तुकडा उचलला. तेवढ्यात वर्ग उभा राहिला. दारात मुख्याध्यापक होते. त्यांनी फळा वरपासून खालपर्यंत वाचला, आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वा, बाई! काय श्रीमंत भाषा आहे आपली! मुलांनो, अशा लोकांपासून जपून राहा. आणि वाचा. पुस्तकं वाचणाऱ्याला कुणी फसवू शकत नाही."

"सर, वाचनालय कधी उघडणार?" चष्मेवालीने विचारलं.

मुख्याध्यापक तिच्या बाकापाशी आले, तिच्या डोक्यावर हात ठेवला. "बाळा, खरं वाचनालय चार भिंतींत नसतं. ते इथे असतं," त्यांनी छातीवर हात ठेवला. "तुझ्या मनात."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाईंना ते सहन होईना. आत्ता आत्ता फळाभर शब्द सांगणारी हीच मुलं, आणि हीच टाळ्या वाजवत होती. त्यांचा तरी काय दोष? दोन वर्षं आपण तरी दुसरं काय केलं?

मुख्याध्यापक निघून गेले. बाईंनी हात झटकले. "चला. सगळे जिन्याखाली. दोघांनी मिळून एक खोकं उचलायचं."

पुस्तकं सोफ्यावर गेली, खिडकीत गेली, जमिनीवर रचली गेली. शिपाई कावराबावरा झाला. "बाई, मला विचारतील."

"माझं नाव सांगा."

गलका ऐकून मुख्याध्यापक आले. त्यांच्यासोबत पालक समितीतले दोघे होते. त्यांनी सोफ्यावरच्या पुस्तकांकडे पाहिलं. मग ते पालकांकडे वळले. "बघितलंत? मीच मुलांना म्हटलं, वाचनालय तुमचं आहे, तुमच्या हातांनी उभं करा."

"सर, तुम्ही असं काहीही म्हणाला नव्हता," बाई म्हणाल्या.

मुख्याध्यापक प्रेमाने हसले. "बाईंचा स्वभावच असा. शाळेत इतकं मोकळं बोलता येतं, याचाच मला अभिमान आहे."

पालकांनी कौतुकाने माना डोलावल्या. बाईंची कानशिलं तापली.

मधल्या सुट्टीत गणिताच्या बाई समजूत घालायला लागल्या. "खोली मिळाली ना? मग श्रेय कुणी का घेईना."

"का घेईना म्हणजे? पुस्तकं धूळ खात होती तेव्हा हा माणूस डोळ्यांत पाणी आणून दाखवत होता. उद्या एखादा पाहुणा येईल, की पुन्हा सोफा आत आणि पुस्तकं बाहेर. आणि आपण पुन्हा टाळ्या वाजवू."

भाषेच्या बाई उठल्या आणि थेट मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. मुख्याध्यापक उभे राहिले. "या, या! आज तुम्ही जे केलंत..."

"वाचनालयाची किल्ली द्या, सर."

"किल्लीचं काय घेऊन बसलात? उद्या पाठवतो की शिपायाबरोबर."

"आत्ता द्या."

बाईंनी हात पुढे केला. मुख्याध्यापक बोलत राहिले, शाळेविषयी, विश्वासाविषयी, आपल्या वडिलांविषयीसुद्धा. बाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला नाही. अखेर बोलणं न थांबवताच मुख्याध्यापकांनी किल्ल्यांचा जुडगा काढला. जुडग्याची कडी घट्ट होती. ती उघडताना त्यांचं नख मोडलं.

बाईंनी किल्ली घेतली. आभार मानले नाहीत. मुख्याध्यापक अजून बोलतच होते, तेव्हा बाईंनी बाहेर येऊन दार लावून घेतलं.