मिथेनचा पहिला बंध

मी मिथेनचं मॉडेल बोलतोय. मधे एक काळी गोळी, तिला चार काड्या म्हणजे चार बंध, काड्यांच्या टोकांना चार पांढऱ्या गोळ्या, झालं माझं शरीर! कारखान्यातल्या साच्यातून बाहेर पडलो तो थेट या कॉलेजच्या प्रयोगशाळेत आलो. माझे धनी म्हणजे रसायनशास्त्राचे सर. सरांवर माझा भारी जीव.

सरांची शिकवायची तऱ्हाच न्यारी. माझी एकेक पांढरी गोळी उपटायची आणि दरवेळी वर्गाकडून वदवून घ्यायचं, "चारशे सोळा!" चारही बंध तोडायला मिळून लागतात सोळाशे चौसष्ट किलोज्यूल, भागिले चार, चारशे सोळा. मलाही वाटायचं, आपल्या चारही काड्या अगदी सारख्या ताकदीच्या.

आज तोंडी परीक्षा होती. सगळे जिला चष्मिश म्हणतात, त्या मुलीचा हा दुसरा प्रयत्न. आज नापास झाली तर नर्सिंगला मिळालेली जागा हातची जाणार. बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी मला तिच्यापुढे ठेवलं.

"एवढं सांग, की तू पास. यातला फक्त पहिला बंध तोडायला किती ऊर्जा लागेल?"

"चारशे सोळा!" ती खुशीत म्हणाली.

"चूक. चारशे एकोणचाळीस." बाईंनी माझी एक गोळी उपटून दाखवली. "शेवटचा तर तीनशे अडतीसमध्येच सुटतो. चारशे सोळा ही नुसती सरासरी, बाळा. चौघांपैकी एकाचाही तो आकडा नाही."

अरे देवा! इतकी वर्षं जो आकडा मी मिरवला, तो माझ्या एकाही काडीचा नाही?

"पण सर, तुम्हीच तर…" चष्मिश शेजारच्या खुर्चीकडे वळली. तिथे सर बसले होते.

"तुम्ही असं शिकवता?" बाईंनी विचारलं.

"छे छे! पोरांचं लक्षच नसतं हो," सर म्हणाले.

मी हादरलोच. डोळ्यांदेखत धडधडीत खोटं, आणि तेही माझ्या सरांनी! पोरीने चष्मा पुसला, पिशवी उचलली आणि निघून गेली.

बाई चहाला गेल्यात. गुण अजून द्यायचेत. सर मला पुन्हा जोडत बसलेत, पण नजर सारखी दाराकडे, त्यामुळे गोळी काडीवर बसतच नाही. अहो सर, राहू द्या मला असाच मोडलेला. ती अजून जिन्यातच असेल. उठा, हाक मारा तिला!