डोळ्यांचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर

सगुणाबाई रणपिसे पहिल्यांदा सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायला गेल्या, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "मोतीबिंदू आहे, पण अजून पिकला नाही. पिकला की या."

बाहेर आल्यावर त्यांनी सुनेला विचारलं, "प्रीती, पिकला हे मला कसं कळणार गं? आंबा आहे का दाबून बघायला?"

कळलं ते वर्षभराने, एका जीन्सवर. कॅम्प चार वस्तीतल्या एका सिंधी शेठच्या कारखान्यातून त्या शिवलेल्या पँटी घरी आणायच्या आणि शिलाईचे लोंबते धागे कापून परत द्यायच्या. त्या दिवशी धाग्याबरोबर खिसाही कातरला गेला. शेठ ओरडला नाही. "अम्मा, पहले आँख बनवा लो, फिर आना," एवढंच म्हणाला आणि गठ्ठा दुसऱ्या बाईकडे सरकवला. तो ओरडला असता तर सगुणाबाईंना बरं वाटलं असतं.

प्रीती पुन्हा त्यांना घेऊन दवाखान्यात गेली. या वेळी डॉक्टर दुसरे होते, तरुण, डोळ्यांखाली काळी वर्तुळं असलेले. टॉर्च मारून ते म्हणाले, "एवढा उशीर का केलात? डावा पार पिकून गेलाय."

"तुम्हीच सांगितलं होतं, पिकल्यावर या म्हणून," सगुणाबाई म्हणाल्या.

"मी नाही सांगितलं. जुना केसपेपर दाखवा."

जुना केसपेपर जुलैच्या पुरात गेला होता. वालधुनी नदीचं पाणी विठ्ठलवाडीच्या त्यांच्या चाळीत कमरेपर्यंत आलं होतं; भांडी, गाद्या, प्रीतीच्या लग्नाचे फोटो, सगळ्याचा चिखल झाला होता. प्रीतीने ते सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली आणि सगळ्या तपासण्या नव्याने लिहून दिल्या.

मग सुरू झाल्या तारखा. पहिल्या तारखेला लघवीत साखर निघाली, घरी पाठवलं. सगुणाबाईंनी चहातली साखर बंद केली, पुरणपोळीकडे पाठ फिरवली, साखर उतरवली. दुसऱ्या तारखेला बीपी वाढलेलं निघालं, पुन्हा घरी. घराजवळच्या डॉक्टरकडे मोजलं तर बीपी अगदी व्यवस्थित. राजेंद्र, सगुणाबाईंचा मुलगा, अंबरनाथला केमिकल कंपनीत शिफ्टला असायचा, त्यामुळे दवाखान्याच्या वाऱ्या प्रीतीच्याच वाट्याला. बदलापूरच्या एमआयडीसीत ती बाटल्यांचं पॅकिंग करायची. सुपरवायझर तर आता तिला बघितलं की विचारायचा, "काय, आज पण सासूचा डोळा?"

तिसऱ्या तारखेला मात्र सगुणाबाई ॲडमिट झाल्या. लिफ्ट बंद होती. डोळ्यांचा वॉर्ड तिसऱ्या मजल्यावर. ज्यांना पायरी दिसत नाही अशा माणसांसाठी तिसरा मजला कोणी निवडला असेल, असा प्रश्न प्रीतीला प्रत्येक वळणावर पडायचा.

वॉर्ड म्हणजे एक लांब खोली, मध्ये पडदा. पडद्याच्या अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. संध्याकाळी पडद्यापलीकडून सिस्टरचा आवाज चढला.

"बाबा, बरोबर कोण आहे? नातेवाईक लागतो. सही कोण करणार? नाहीतर उद्याच्या लिस्टमधून नाव कापते."

"मना कोन हाय, बाय? बायको गेली. पोरगा वीटभट्टीवर गेलाय, बायका-पोरं घेऊन. मी एकलाच आलू."

"मग मुलगा परत आला की या."

"त्यो पावसाला येल. त्यावक्ताला मना काय दिसल?"

सगुणाबाई पलंगावरून उठल्या, हात पुढे करत पडद्यापर्यंत गेल्या आणि पडदा बाजूला सारला. "सिस्टर, मी याची बहीण. लिहा."

सिस्टरने कागद बघितला. "हा वाळू मेंगाळ, बारवी धरणाकडच्या ठाकूरवाडीतला. तुम्ही रणपिसे. कुठून बहीण?"

"मानलेली."

"कधी मानली?"

"आत्ता."

प्रीतीने कपाळावर हात मारला. पण सिस्टर तिच्याकडेच बघत होती, म्हातारा पलंगाची कड धरून बसला होता आणि त्याच्या पिशवीतून घोंगडीचं टोक बाहेर लोंबत होतं. एवढ्या लांबून तो एसटीने, विचारत विचारत आला असणार. प्रीतीने पेन घेतलं. "शेजारी म्हणून लिहा. सही मी करते."

सकाळी प्रीती घरून डबा घेऊन आली. सिस्टरने सगुणाबाईंना तळमजल्यावर पाठवलं, राहिलेला एक शिक्का आणायला. दोघी उतरल्या, रांगेत उभ्या राहिल्या. खिडकीतल्या माणसाशी प्रीतीची बाचाबाची झाली, मध्ये सगुणाबाईही बोलल्या, शिक्का मिळाला, पुन्हा तीन मजले चढल्या. वर पोचताच सिस्टरने त्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळला.

"वाढलंय. आज नाही होणार."

"अहो, जिने चढून आल्यात त्या!" प्रीती ओरडली. "दोन मिनिटं बसू द्या, मग मोजा."

"डॉक्टर ऑपरेशनला आत गेले. लिस्ट गेली."

वाळूचं नाव लिस्टमध्ये होतं. हिरवा गाऊन घालून त्याला आत नेलं तेव्हा तो दोनदा मागे वळला, पण त्याला कोणी दिसत नव्हतं.

प्रीती जिन्याजवळच्या बाकावर बसली. तिला रडायचं नव्हतं, म्हणून ती सासूवरच घसरली. "आई, डोळा करायला तुम्ही आलात. आणि झाला कोणाचा? मी कालचा खाडा कोणासाठी केला? त्या म्हाताऱ्यासाठी?"

"त्याच्यामुळे माझं राहिलं का? त्या शिक्क्यामुळे राहिलं."

"मग चला आता घरी."

पण घरी जाता येईना. पेपरवर प्रीतीची सही होती; पट्टी सुटेपर्यंत पेशंटजवळ कोणीतरी थांबायलाच हवं, सिस्टरने स्पष्ट सांगितलं. प्रीतीला सेकंड शिफ्टला पोचायचंच होतं. शेवटी ऑपरेशन न झालेल्या सगुणाबाई ऑपरेशन झालेल्या माणसाची राखण करायला राहिल्या.

दोघांत मिळून नीट दिसणारा डोळा एकही नव्हता. त्याला संडासला न्यायचं तर सगुणाबाई एका हाताने भिंत चाचपायच्या, दुसऱ्याने त्याचा हात धरायच्या. एकदा तर दोघं साफसफाईच्या बादलीत अडकले आणि झाडूवाली त्यांच्यावर खेकसली. सगुणाबाईंनी तिला परत सुनावलं. मग स्वतःच्या डब्यातली भाकरी दुधात कुस्करून वाळूला दिली. तो वाडीतल्या भाताबद्दल, मेलेल्या बायकोबद्दल बोलत राहिला. बायकोचं नाव सरू होतं. तिचेही डोळे असेच गेले होते. तिला मात्र कोणी दवाखान्यात आणलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रीती आली तेव्हा पट्टी सोडणं चाललं होतं. वाळूने डोळा मिचकावला, पाणी गाळलं, आधी खिडकीकडे बघितलं आणि मग समोर उभ्या सगुणाबाईंकडे.

"आगं, तू तं म्हातारी हायस! आवाज कसा तरन्या बायचा."

सगुणाबाई इतक्या हसल्या की त्यांना खोकला लागला. प्रीती हसली नाही. ती सरळ सिस्टरकडे गेली. "आत्ता मोजा. रात्रभर जागल्यात, जिने चढल्या नाहीत. मोजा."

बीपी नॉर्मल होतं.

"मग आज करा ना!"

"शुक्रवारी ऑपरेशन नसतं. आणि आलेल्या लेन्स संपल्या. पुढच्या गुरुवारी या."

तेव्हा मात्र प्रीतीचा बांध फुटला. राउंडला आलेल्या डॉक्टरांसमोर ती उभी राहिली. "आधी म्हणता कच्चा, मग म्हणता उशीर. साखर उतरवली की बीपी, बीपी उतरलं की लेन्स नाही. एकदाच सांगून टाका ना, तुम्हाला करायचंच नाही म्हणून! आम्ही तरी गप घरी बसू."

डॉक्टरही चिडले होते. "इथे डोळ्यांचा मी एकटा आहे, ताई. परवा शिबिर, नंतर पोलिओची ड्यूटी. मी काय लेन्स घरी बनवतो?" मग ते सिस्टरकडे वळून म्हणाले, "पुढच्या गुरुवारी पहिलं नाव यांचं. आदल्या संध्याकाळी वर आल्या की खाली पाठवायचं नाही. शिक्के वॉर्डबॉय आणेल."

पुढच्या गुरुवारी ते खरंच झालं. शनिवार उजाडायच्या आत पट्टीही सुटली. सगुणाबाईंनी आधी छताचा पंखा बघितला, मग स्वतःचे हात, मग सुनेला. बराच वेळ बघत राहिल्या. "तुझे केस कधी पिकले गं?"

"तुमच्या तारखांत," प्रीती म्हणाली.

डोळ्यात घालायचे थेंब दवाखान्यातल्या औषधाच्या खिडकीवर शिल्लक नव्हते. बाहेरून आणा, असं सांगण्यात आलं. प्रीतीने आणले. उजव्या डोळ्यासाठी सहा महिन्यांनी या, असंही सांगण्यात आलं, आणि नवीन केसपेपर काढा.

संध्याकाळी राजेंद्र कामावरून आला. आई ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती, काळा गॉगल लावून. ते बघून त्याला फार आनंद झाला. "झालं ना एकदाचं? उगाच लोक सरकारी दवाखान्याला नावं ठेवतात."

प्रीतीने हातातलं भांडं मोरीत आपटलं. "उजव्या डोळ्याला तू जायचंस," ती म्हणाली. "रजा आत्तापासून सांगून ठेव."

राजेंद्रने आईकडे बघितलं. सगुणाबाईंनी मान वर केली नाही. एक खडा उचलून बाहेर टाकला आणि म्हणाल्या, "बरोबर बोलतेय ती."