पालथा कागद

“झालं,” म्हणत बाबांनी चिमट्याने कागद उचलला आणि फोटो पक्का करणाऱ्या फिक्सरच्या ट्रेमध्ये टाकला. थोड्या वेळाने मी बाथरूमच्या खिडकीवरचं ब्लँकेट बाजूला सारलं, तर दुपारच्या उन्हात फोटोतली आई पुन्हा राखाडीच निघाली. केस राखाडी, दात राखाडी, मागची भिंतही तशीच. वाफ धरलेल्या काचेमागे उभी असावी तशी दिसत होती. हा सातवा कागद होता.

“चांगली आलीय की,” मी म्हणाले. “किती शांत हसतेय.”

“शांत?” बाबा म्हणाले. “तुझी आई कधी शांत होती?”

आई नाकावर माशी बसू द्यायची नाही. फोटो म्हटला की पाठ फिरवायची. बाबांनी एकदा मित्राचा कॅमेरा आणून स्वयंपाकघरात तिला बेसावध गाठलं होतं, तेवढी एकच निगेटिव्ह मागे राहिली. तिला जाऊन आठ महिने झाले होते, आणि भिंतीवरची जागा बाबांनी अजून मोकळी ठेवली होती. कॉम्प्युटरवर मी दोन मिनिटांत फोटो करून देते, असं मी सुचवून पाहिलं. ते तुझं काम होईल, माझं नाही, असं म्हणून त्यांनी मला गप्प केलं. मग कोपऱ्यावरच्या बंद पडलेल्या स्टुडिओतून निगेटिव्हवरून मोठा फोटो पाडायचा जुना एन्लार्जर आणला आणि आमच्या बाथरूमची डार्करूम झाली. अंघोळीला मी शेजारी जाऊ लागले.

बाबांना वाटत होतं, यात शिकायचं ते काय? चौतीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलच्या अंधाऱ्या खोलीत एक्स-रेच्या फिल्म धुतल्या होत्या. कागदावर फोटो मात्र जन्मात कधी केला नव्हता, हे ते सोयीस्करपणे विसरले होते. शेवटी एन्लार्जर ज्यांचा होता त्या स्टुडिओताईंनाच मी बोलावून आणलं. बाबांपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठ्या, गुडघे धरलेल्या, पण जीभ शाबूत. दोरीवर वाळणारे सातही फोटो त्यांनी चष्मा वर करून पाहिले आणि कसं केलंस, एवढंच विचारलं.

बाबांनी सांगितलं. अंदाजाने वीस सेकंद उजेड द्यायचा, कागद डेव्हलपरच्या औषधात टाकायचा आणि चेहरा दिसला की उचलायचा.

ताई हसल्या. “उजेड भरमसाट देतोस आणि औषधातून घाईने ओढतोस. मग काळं काळं व्हायचं कधी? लाल दिव्याखाली सगळं असतं त्यापेक्षा गडदच दिसतं रे.”

बाबांचं तोंड उतरलं. त्यांची खोड खरी हॉस्पिटलातली होती. दारात डॉक्टर उभा, आत स्ट्रेचरवर पेशंट कण्हतोय, अशा वेळी हाड दिसलं की फिल्म उचलायची सवय हाताला लागली होती. उजेडाचा अंदाज घ्यायला आधी कागदाची पट्टी कापून बघत जा, असं ताई म्हणाल्या तर बाबा तयारच होईनात. एक्स-रे दुसऱ्यांदा काढायला लागणं म्हणजे त्यांना कमीपणा वाटे, कारण पेशंटच्या अंगावर पुन्हा किरण जात. ‘एकदाच’ हे तिथे त्यांचं टोपणनावच पडलं होतं. सुंभ जळला तरी पीळ जाईना.

ताई आवाज खाली आणून म्हणाल्या, “काप पट्ट्या. हिला आता कितीदा उजेडात धरलंस तरी इजा होणार नाही.”

बाबांनी कात्री मागितली.

तीन, सहा, नऊ, बारा सेकंद, अशी पट्टी केली. नऊवर चेहरा नीट उतरला. निगेटिव्ह फिकट आहे, हिला काळं-पांढरं ठळक उठवणारा कडक कागद पाहिजे, असं म्हणून ताईंनी पिशवीतून चार नंबरचं अर्धं पाकीट काढलं. लाल दिव्यात आम्ही तिघं एकमेकांना कोपरं मारत उभे राहिलो. मी घड्याळ धरलं.

“आता पालथा टाक,” ताई म्हणाल्या. “दिसलं की तुझा हात राहायचा नाही. पुरी दोन मिनिटं.”

कागद पालथा पडला. बाबा ट्रे हलकेच डोलवत राहिले. मिनिट झालं नाही तोच चिमटा पुढे गेला.

“थांब.”

“काळी पडेल हो ती,” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता. “चेहरा एकदा दिसला ना ताई, की वाटतं, आत्ताच उचलावा. नाहीतर पुन्हा जाईल.”

ताईंनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. मी सेकंद मोजत होते आणि मला आकडे नीट दिसत नव्हते.

फिक्सर झाला, नळाखाली कागद धुतला, ब्लँकेट सरकवलं. केस काळेभोर होते. दात पांढरे होते. आणि आई मुळीच हसत नव्हती. सात फोटोंत जे हसू वाटलं होतं ते ओरडायला अर्धवट उघडलेलं तोंड होतं. कपाळावर दोन आठ्या होत्या, डोळे थेट कॅमेऱ्यामागच्या माणसावर रोखलेले. तिच्या खांद्यामागे अंधारात एक बारीक पांढरी रेघ होती. ती आम्ही आजवर पाहिलीच नव्हती. हात धुऊन बाबांनी नेहमीसारखा उघडाच ठेवलेल्या नळाची ती धार होती.

“आत्ता आली,” बाबा म्हणाले.

आमच्या पाठीमागे पाणी टपटपत होतं. बाबांनी फोटो दोरीला लावला, ओले हात पँटला पुसले आणि मागे वळून नळ घट्ट बंद केला.