वापरकर्त्याची सही

बाबा खडकीच्या कारखान्यातून एप्रिलअखेर निवृत्त झाले, तेव्हा क्वार्टर रिकामे करण्यासाठी त्यांना चार महिने मिळाले. त्यांतले साडेतीन महिने त्यांनी घर कसे आवरावे याचे नियम लिहिण्यात घालवले.

नियम उत्तम होते. तेहतीस वर्षे स्टोअरकीपर म्हणून काढलेल्या माणसाचे ते होते. घरातील प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधायची. हिरवी म्हणजे चालू, पिवळी म्हणजे दुरुस्तीयोग्य, तांबडी म्हणजे बाद. बाद ठरवण्याचा अधिकार कोणा एकाला नाही; त्यासाठी तिघांचे मंडळ. अध्यक्ष बाबा, सदस्य शेजारच्या क्वार्टरमधले संभाजीराव, चिटणीस मी. शेवटचा नियम असा की, मंडळाने बाद ठरवलेली वस्तू रोज जो वापरत असे, त्याचीही सही हवी.

“नाहीतर उद्या कोणीही उठेल आणि दुसऱ्याची वस्तू मोडीत काढील,” बाबा म्हणाले.

भिंतीवरच्या बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरी तेवढ्या मंडळाच्या कक्षेबाहेर होत्या. बाकी सारे कक्षेत होते, आणि वाघोलीला घेतलेल्या नव्या फ्लॅटमध्ये त्यातले निम्मेही मावणार नव्हते.

हे मी त्यांना सांगितले नव्हते. कोथरूडच्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करत असे. दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायच्या आणि नम्रपणे कळवायच्या. उत्तर बहुधा एकच येई: ही चूक नाही, रचनाच अशी आहे. ते उत्तर मी इतक्या वेळा मुकाट्याने स्वीकारले होते की, घरातही दिसणाऱ्या गोष्टी मला रचनेसारख्याच वाटू लागल्या होत्या.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी दीपालीताई सकाळीच आली आणि आपल्या मुलीला, आम्रपालीला, दोन दिवसांसाठी आमच्याकडे सोडून गेली. पायरीवरूनच म्हणाली, “हिचा प्रकल्प तेवढा करून घे रे. सोमवारी न्यायचाय. मागच्या वेळी काही नेलं नाही म्हणून बाईंनी वर्गासमोर उभं केलं. तीन दिवस शाळेत जाईना.”

आम्रपाली तिसरीत होती. तिने दप्तरातून चार घड्या घातलेला कागद काढून माझ्या हातात दिला. ‘टाकाऊपासून टिकाऊ. घरातील एक टाकाऊ वस्तू घ्यावी. ती टाकाऊ का आहे ते दोन वाक्यांत लिहावे. तिच्यापासून टिकाऊ वस्तू बनवावी. पालकांनी मदत करावी, पण फार करू नये.’

“सोपं आहे,” मी म्हणालो. घर भरून वस्तू पडल्या होत्या.

दहा वाजता मंडळ बसले. बाबा खुर्चीवर, संभाजीराव पलंगावर, मी स्टुलावर. आम्रपाली एकेक वस्तू आणून पुढे ठेवत होती, आणि प्रत्येक वेळी तिच्या चेहऱ्यावर जी आशा उगवे ती मला पाहवत नव्हती.

“ही बादली. हिला कडी नाही.”

“कडी नाही, बादली आहे,” बाबा म्हणाले. “पाणी धरते. हिरवी.”

“हा रेडिओ. नुसता घूं घूं करतो.”

“म्हणजे वीज येते. पिवळी.”

“हे कॅलेंडर. एकोणीसशे एक्क्याण्णवचं.” तिने ते विजयाने उंच धरले. “आता दोन हजार पाच आहे, आजोबा.”

बाबांनी चष्मा लावला. कागदाच्या कोपऱ्यावर काही आकडेमोड केली. “दोन हजार तेरा साली हेच वार, हीच तारीख. आठ वर्षांनी लागेल. हिरवी. शेरा लिही, प्रज्ञेश: राखीव.”

“अहो, तिथी जुळणार नाहीत,” संभाजीराव म्हणाले.

“आपल्याला तिथींशी काय करायचंय?”

“बरं. आणि बुद्धपौर्णिमा कोणत्या दिवशी करणार? वार बघून?”

बाबा बराच वेळ त्या मे महिन्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “पिवळी. शेरा: पौर्णिमा दुरुस्त कराव्यात.”

मी लिहिले. चिटणीसाने मत द्यायचे नसते.

जेवणाच्या वेळेपर्यंत एकसष्ट वस्तू झाल्या. हिरव्या सत्तेचाळीस, पिवळ्या चौदा. तांबड्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा तसाच रबरात होता.

“मामा,” आम्रपाली माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “आपल्या घरात टाकाऊ काहीच नाही का?”

“असं दिसतंय खरं.”

“मग बाई म्हणतील, खोटं बोलते.”

ती स्वयंपाकघरात निघून गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात पिठाची चाळण होती. तिच्या जाळीला मधोमध एवढे मोठे भोक होते की आम्रपालीने त्यातून आपला अख्खा हात पलीकडे काढून दाखवला.

बाबांनी चाळण उजेडासमोर धरली. भोकातून त्यांचा एक डोळा आणि अर्धी मिशी दिसत होती.

“पीठ राहत नाही. कोंडाही राहत नाही,” ते शेवटी म्हणाले. “बाद.”

आम्रपालीने उडी मारली. संभाजीरावांनी सही केली, मी केली, बाबांनी केली. मग बाबांचे पेन चौथ्या ओळीवर आले आणि थांबले. वापरकर्ता. त्यांनी त्यापुढे स्वच्छ अक्षरात लिहिले: हिरा.

माझ्या आईला जाऊन चौदा महिने झाले होते.

“सही नाही,” बाबा म्हणाले. “प्रलंबित.”

“अहो सुखदेवराव, वहिनी आता सही करायला कुठून यायच्या?”

“म्हणूनच प्रलंबित म्हटलं.”

“तुमचा नियम आहे. तुम्हीच मोडा.”

“तेहतीस वर्षं मोडला नाही. एका चाळणीसाठी मोडू?”

मला तेव्हा घर दिसले. नाहणीतला तिचा वजरीचा दगड, खिडकीतली फणी, दाराआडच्या खिळ्यावरची पिशवी. चौदा महिने आम्ही दोघे या वस्तूंना वळसा घालून हिंडत होतो, आणि मी त्याला रचना समजत होतो. तिच्या हाताखालून न गेलेली वस्तू या घरात एकही नव्हती. या नियमाने काहीच, कधीच, बाद होणार नव्हते.

आम्रपालीला मात्र सोमवार दिसत होता. “आजोबा, आमच्या राधा बाईंची बदली झाली ना, तेव्हा सरोजिनी बाई आल्या. आता हजेरीवर त्याच सही करतात. आजीच्या जागी कोण आलं?”



“पोरगी मुद्द्याचं बोलते,” संभाजीराव हळू आवाजात म्हणाले. “चार्ज कोणाकडे आहे?”

कारखान्यात चार्ज म्हणजे काय हे मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. जाणाऱ्याने येणाऱ्याला कपाटापाशी न्यायचे, एकेक वस्तूचे नाव घ्यायचे. येणाऱ्याने ती हातात घेऊन ‘मिळाली’ म्हणायचे. शेवटचा खिळा मोजून होईपर्यंत जाणाऱ्याला फाटकाबाहेर पडता येत नसे.

“चार्ज दिलाच नाही तिने,” बाबा म्हणाले. ते चाळणीकडेच पाहत होते. “दवाखान्यात जाताना गुरुवारी परत येते म्हणाली. मटकी भिजत घालून गेली. तेहतीस वर्षांत मी एका माणसाला बिनाचार्ज फाटकाबाहेर जाऊ दिलं नाही. आणि घरातून...”

त्यांनी पेनाला टोपण लावले. ते नीट बसेना.

“मी घेतो,” मी म्हणालो.

बाबांनी वर पाहिले. “देणार कोण?”

“तुम्ही द्या.”

रविवारी सकाळी नऊला चार्ज सुरू झाला. संभाजीराव साक्षीदार म्हणून दाढी करून आले. आम्रपालीने दुरेघी वही घेतली. शुद्धलेखनही होईल, असे मी तिला सांगितले होते. बाबा स्वयंपाकघरातल्या फळीपुढे उभे राहिले.

“कढई, लोखंडी, एक.”

“मिळाली.”

“उलथणे, भोकांचे, एक.”

“तो झारा, बाबा.”

त्यांनी झारा उलटसुलट करून पाहिला. “झारा. एक.”

“मिळाला.”

हळूहळू मला जे उमगत गेले ते त्यांनाही उमगत असावे. देणाऱ्याला वस्तूंची नावे ठाऊक नव्हती आणि घेणाऱ्याला सगळी ठाऊक होती. किसणी, पुरणयंत्र, सांडशी, मिसळणाचा डबा. मी ती चौदा महिने रोज वापरत होतो, आणि वापरून झाल्यावर, कोणी पाहील या भीतीने असावे, जिथे आईने ठेवली होती तिथेच अगदी त्याच कोनात ठेवत होतो.

“सुखदेवराव,” संभाजीराव म्हणाले, “तुम्ही चार्ज देताय की शिकताय?”

“भांडे, लहान, पितळी, एक,” बाबा त्यांच्याकडे न बघता म्हणाले.

ती तांदळाच्या डब्यातली वाटी होती. मी ती हातात घेतली आणि ‘मिळाली’ म्हणालो नाही.

“काय झालं? कमी आहे?”

“नाही. ही मापाची वाटी. माणशी एक वाटी तांदूळ.” मी वाटीच्या कडेवरून बोट फिरवले. “मी अजून तीन घेतो.”

“तीन?”

“रोज संध्याकाळी. दोन घेतल्या की हात थांबत नाही. उरलेल्या भाताला सकाळी फोडणी देतो.”

बाबा फळीकडून माझ्याकडे वळले. “तो फोडणीचा भात... तुला आवडतो म्हणून नव्हे?”

“मला वाटलं, तुम्हाला आवडतो.”

“मला तो कधीच आवडला नाही, प्रज्ञेश.”

“मलाही नाही.”

संभाजीराव खिडकीबाहेर पाहू लागले. आम्रपाली पेन्सिल तोंडात धरून आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत होती. “मामा, वाटी मिळाली लिहू का?”

“लिही,” मी म्हणालो. “मिळाली.”

एकशे बारा नोंदींनंतर मी चार्ज घेतल्याची सही केली. मग बाबांनी चाळणीचा कागद पुढे सरकवला. हिराच्या नावासमोरची जागा कोरी होती. ऑफिसात एखादी चूक मिटवताना मी हजारदा तरी कळ दाबली असेल. तिथे हात कधी जड झाला नव्हता. मी सही केली. बाबांनी तांबडी चिठ्ठी रबरातून सोडवली आणि स्वतःच्या हाताने चाळणीला बांधली.

त्यानंतरची गोष्ट मी पाहिली नाही, कारण मी दुपारी भांडी खोक्यांत भरत होतो. आम्रपालीच्या सांगण्यानुसार ती चाळणीच्या कडेला लाल लोकर गुंडाळून भिंतीवर लावायचे काहीतरी बनवत होती, आणि आजोबा नुसते शेजारी बसले होते. मग त्यांनी बारीक तार आणली. मग पक्कड आणली. ‘एकच टाका’ म्हणाले. चहा घेऊन मी बाहेर आलो तेव्हा भोक नव्हते. जाळी अशी विणली होती की नवी कुठली आणि जुनी कुठली हे बोटालाही कळू नये.

“बाबा!”

“पालकांनी मदत करावी असं लिहिलंय.”

“फार करू नये असंही लिहिलंय!” आम्रपाली ओरडली. “आता ही टाकाऊ कुठे राहिली?”

“कागदावर आहे,” बाबा शांतपणे म्हणाले. “तीन सह्या आणि वापरकर्त्याची एक.”

तिने थोडा विचार केला आणि वहीत दोन वाक्ये लिहिली. ‘ही चाळण टाकाऊ होती कारण आजी सही करू शकत नव्हती. आता मामाने सही केली.’

त्या संध्याकाळी मी तीन वाट्या तांदूळ घेतला. आम्ही खरोखरच तिघे होतो. भात उरला नाही.

सोमवारी सकाळी ताई येऊन आम्रपालीला घेऊन गेली. तांबड्या चिठ्ठीसह चाळण आम्रपालीने छातीशी धरली होती. चार सह्यांचा कागद मागे टाचला होता. बाबा ताटासमोर येऊन बसले, आणि मी त्यांच्यापुढे पोहे ठेवले. त्यांनी एक घास घेतला.

“मीठ कमी आहे,” ते म्हणाले. चौदा महिन्यांत जेवायला बसून त्यांनी माझ्या स्वयंपाकाबद्दल उच्चारलेले हे पहिलेच वाक्य होते.

संध्याकाळी आम्रपालीचा फोन आला. उभे राहावे लागले नव्हते. सरोजिनी बाईंनी वहीत शेरा दिला होता आणि तो तिने मोठ्याने वाचून दाखवला: ‘चाळणीपासून चाळण बनवली आहे. प्रकल्प समजला नाही. काम अतिशय सुबक. दहापैकी सात.’

“तीन कशाचे कापले?” बाबांनी माझ्या खांद्यावरून ओरडून विचारले.

“फार मदत केल्याचे!”

“बरोबर आहे,” ते म्हणाले, आणि मग, “तिला सांग, चाळण परत आणू नकोस. बाद झालेली वस्तू साठ्यात घेता येत नाही. दीपालीला वापरू दे.”

मी स्वयंपाकघरात गेलो. डब्यातून एक वाटी काढली, दुसरी काढली. हात थांबला नाही, तिसरीही भरली. भरलेली वाटी हातात घेऊन मी क्षणभर तसाच उभा राहिलो, आणि मग ती पुन्हा डब्यात ओतली. रिकाम्या होत चाललेल्या घरात त्या तांदळाचा केवढा तरी आवाज झाला.

“काय सांडलं रे?” बाबांनी बाहेरून विचारले.

“काही नाही,” मी म्हणालो. “एक वाटी परत जमा.”

बाहेरून कागदाचा आवाज आला. ते लिहून घेत होते.