रांगफ्रिडची स्की

मित्रांनो, मी एक जुनी स्कीची जोडी आहे. बर्फावरून घसरत जाण्यासाठी केलेल्या, टोकाशी वर वळलेल्या दोन लांब लाकडी पट्ट्या. नॉर्वेतल्या एका घराच्या तळघरात मी भिंतीला टेकून उभी असते. एका सुताराने मला बर्चच्या लाकडातून घडवले आणि तळाला डांबर चोळले.

रांगफ्रिडने मला विकत घेतले तेव्हा आम्ही दर रविवारी जंगलात जायचो. तिचा नवरा तूरलाइव्ह आणि लहानगी लेक गुरो सोबत असायचे. ऊन दिसले की सगळे बर्फावरच बसकण मारून संत्री सोलायचे.

मग रांगफ्रिड रोज जाऊ लागली, एकटी. वाटेत थांबणे बंद झाले. शेजारची हालडिस कुंपणावरून म्हणायची, "बाई, तुझ्याकडे बघून आम्हाला आमचीच लाज वाटते गं." आमच्या गावात घरात बसणाऱ्याची चौकशी होते; बर्फावर निघालेल्याला कोणी अडवत नाही. त्या कौतुकाने मीही फुलून जायचे.

खुणा मात्र दिसत होत्या. एखादा दिवस चुकला की ती सगळ्यांवर करवादायची. कितीही लांब गेली तरी तिचे समाधान होईना. गुरोच्या वाढदिवसाला ती केक कापण्याआधीच निसटली. पुढे डाव्या पावलाचे हाड दुखू लागले. डॉक्टरांनी स्कीला हातही लावू नका म्हणून बजावले. तरी बहिणीकडे जाते असे सांगून ती मला जंगलात नेई. ते पाऊल किती कचरत टेकते, हे फक्त मला कळत होते.

एका दुपारी मी नीट घसरावे म्हणून ती तळघरात मला मेण घासत होती. गुरो पायरीवर येऊन बसली.

"मावशीकडे जायला स्की लागते?"

"गुरो, वर जा."

"आई, तुला हे आवडतं का अजून?"

"आवडतं म्हणून तर जाते ना."

"मग परत येतेस तेव्हा हसत का नसतेस? आधी हसायचीस."

रांगफ्रिडचा हात थांबला. आता ती मला खाली ठेवील, असे मला वाटले. तिने ठेवले नाही. त्याच दुपारी चढावर ते हाड मोडले. ते पुढे जुळले, पण वाकडे. आता ती काठी घेऊन चालते.

मित्रांनो, लाकडाला बोलता येत नाही, तुम्हाला येते. तुमच्या घरात कोणी आवडीची गोष्ट लपवून करू लागले, दुखत असूनही थांबेनासे झाले, तर कौतुक आवरा आणि जवळ बसून विचारा.

गुरो आता स्वतःच्या स्कीवर जाते. किती लांब गेलीस, असे रांगफ्रिड तिला कधीच विचारत नाही. "मजा आली का गं?" एवढेच विचारते, आणि उत्तर मिळाल्यावरही बराच वेळ तिचा चेहरा बघत राहते.